बाकावरच्या बायका



रग्बी काही आपल्या गल्लीतला खेळ नाही, तरी त्यातलं एक उदाहरण सांगते. २०२५च्या महिला विश्वचषकात इंग्लंडने पहिल्या सामन्यात अमेरिकेला ६९-७ असं हरवलं. पुढचा सामना दुबळ्या समजल्या जाणाऱ्या सामोआशी होता. त्यासाठी प्रशिक्षकांनी जवळजवळ सगळा संघ बदलून बाकावरच्या मुलींना उतरवलं. निकाल ९२-३. पुढे विश्वचषकही इंग्लंडनेच जिंकला.

आपण काय करतो? मोर्चा असो की वस्तीतली छोटी बैठक, बोलायला त्याच दोघीतिघी. मग नवी बाई शिकणार कधी? छोट्या बैठकीत ती अडखळली तर बिघडलं कुठे?

आणि 'दुबळं' म्हणायचं कुणाला? इंग्लंडच्या खेळाडूंना २०१९पासून पूर्णवेळ खेळण्याचा पगार मिळतो. सामोआच्या बहुतेक जणींना नोकरी-घर सांभाळून सराव करावा लागतो. फरक अंगातल्या ताकदीचा नाही. हातात पडलेल्या वेळेचा आणि पैशाचा आहे.

म्हणून 'तिला जमत नाही' म्हणण्याआधी विचारूया: तिला एसटीचं भाडं दिलं का? तिची मुलं तेवढा वेळ कुणी सांभाळली का?