पॅराशूट उघडलं नाही तर? आणि बोईसरच्या बेल्टचं काय?

गेल्या महिन्यात विमानातून उडी मारणाऱ्यांचं एक रील आपल्या पालघर-बोईसरच्या सगळ्या ग्रुपवर फिरत होतं, आणि त्यावरून तुमच्या बऱ्याच व्हॉइस नोट आल्या. जवळजवळ सगळ्यांचा प्रश्न एकच. दादा, पॅराशूट उघडलंच नाही तर?

आधी सांगतो, मी स्कायडायव्हर नाही. मी तारापूर एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. उंचीवरच्या कामाचं परमिट माझ्या सहीने निघतं, त्यामुळे पट्टे, हुक, शिवण हाच रोजचा धंदा. पॅराशूटबद्दल वाचायचा नाद त्यातूनच लागला. विमानातून उडी मारणाऱ्याच्या अंगावरचा हार्नेस आणि आपल्याकडे टाकीवर चढणाऱ्या पोराच्या अंगावरचा सेफ्टी बेल्ट हे एकाच कुळातले. मांड्यांना पट्टे, छातीवर पट्टा, खांद्यावरून पट्टा. म्हणून आज दोन्हींबद्दल बोलू.

तर प्रश्नाचं उत्तर. पाठीवर एक नाही, दोन पॅराशूट असतात. एक मुख्य, एक राखीव. माणूस पोटावर आडवा पडत असतो तेव्हा त्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे सेकंदाला ५५ मीटर. आता गणित करा. २५०० फूट म्हणजे साधारण ७६० मीटर. त्या उंचीवर काहीच उघडलेलं नसेल तर जमिनीला टेकायला जेमतेम १४ सेकंद. बोईसर स्टेशनला गाडी यापेक्षा जास्त वेळ थांबते.

म्हणून तिथे विचार करायचं काम जमिनीवरच उरकलेलं असतं. पॅराशूट उघडलं की वर बघायचं. चौकोनी आहे का? वळतंय का? दोन्ही दोऱ्या खेचल्यावर वेग कमी होतोय का? दोऱ्यांना पीळ पडलेला असेल तर पाय मारून मारून अंग उलटं फिरवतात, पीळ सुटतो. कडेचे कप्पे फुगले नसतील तर दोऱ्या खाली-वर करतात. पण हे सगळं एका ठरलेल्या उंचीपर्यंतच. अमेरिकेतल्या संघटनेने शिकाऊ लोकांसाठी ती उंची २५०० फूट सांगितलीय. तोवर नीट झालं नाही, तर दुरुस्ती बंद. उजव्या छातीवरचं लाल हँडल बघायचं, धरायचं, ओढायचं, की बिघडलेलं पॅराशूट अंगापासून सुटतं. मग डावीकडचं हँडल ओढायचं, की राखीव उघडतं. आधी सोडायचं, मग उघडायचं, कारण वरचं लोंबतंय तोवर दुसरं उघडलं तर दोन्ही एकमेकांत गुंतू शकतात. ही कृती जमिनीवर इतक्या वेळा करून घेतात की वर गेल्यावर हात आपोआप चालावेत.

ते लाल हँडल ज्याला जोडलेलं असतं ना, ती चीज मला फार आवडते. तीन कड्या. मोठी, मधली, लहान, एकीतून एक ओवलेल्या, आणि शेवटी दोऱ्याचा एक छोटासा फास. बिल बूथ नावाच्या अमेरिकन माणसाने १९७० च्या दशकात ही युक्ती काढली. प्रत्येक कडी तरफेसारखी भार कमी करत जाते, त्यामुळे आख्ख्या माणसाचं वजन वर लटकलेलं असताना शेवटच्या फासावर अगदी थोडाच ताण येतो. तो फास एका गुळगुळीत केबलने अडवलेला असतो. केबल ओढली की सगळं सुटतं. मोटर नाही, बॅटरी नाही. पण या साध्या गोष्टीलाही देखभाल लागते. कड्या ठराविक मुदतीने सोडवून पट्टे हाताने वाकवून मऊ करावे लागतात, कारण एकाच घडीत राहिलेला पट्टा त्या घडीत बसतो. केबलवर मळ साचला तर ती पुसावी लागते.

आणि समजा माणूस बेशुद्धच पडला तर? त्यासाठी एक छोटं यंत्र असतं. १९९१ साली जर्मनीतून सायप्रेस नावाचं यंत्र बाजारात आलं. ते हवेच्या दाबावरून उंची आणि वेग मोजत राहतं. अनुभवी लोकांच्या यंत्रात, साधारण ७५० फुटांवरही माणूस सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जोरात पडत असेल, तर ते राखीव पॅराशूट बंद ठेवणारा फास कापून टाकतं. एवढंच करतं. पुढे उघडायचं ते पॅराशूटलाच.

आता माझा मुद्दा इथे सुरू होतो. मुख्य पॅराशूट उडी मारणारा स्वतः घडी घालू शकतो. राखीवला मात्र त्याने हात लावायचा नाही. त्यासाठी परवानाधारक माणूस असतो, रिगर म्हणतात त्याला. अमेरिकेत नियम असा की राखीव पॅराशूट १८० दिवसांत एकदा उघडायचं, तपासायचं, परत घडी घालायचं. वापरलं असो वा नसो. २००८ पर्यंत ही मुदत १२० दिवस होती. घडी घातली की रिगर दोऱ्याने बांधून शिशाचं छोटं सील मारतो, त्यावर त्याची खूण. आणि आत एक कार्ड असतं, त्यावर तारीख, ठिकाण, सही.

न वापरलेली वस्तू दर सहा महिन्यांनी कशाला उघडायची? मलाही आधी हे सरकारी काम वाटलं होतं. मग मी १९८० च्या दशकातला एक किस्सा वाचला, आणि तो तर आपल्या तारापूरकरांनी पाठच करायला हवा. त्या काळातली काही राखीव पॅराशूट गोल होती, आणि त्यांच्या कडेजवळ जाळीचं कापड होतं. पॅराशूट नवीकोरी, पेटीत बंद, कधी न वापरलेली. पण रिगरनी तपासताना ताण दिला तर कापड फाटायला लागलं. कारण निघालं ते असं की जाळीच्या कापडात आम्लाचा अंश राहिला होता, आणि घडीत जाळीला चिकटून पडलेलं शेजारचं नायलॉन महिनोन्‌महिने हळूहळू कमकुवत होत गेलं. डोळ्याला काही दिसत नव्हतं. रंग तोच, चकाकी तीच. मग रिगर मंडळींनी जाळीवर ब्रोमोक्रेसॉल ग्रीन लावून बघायला सुरुवात केली. बीएस्सी केमिस्ट्रीवाल्यांनो, आठवतंय ना? आम्ल असेल तर पिवळा, नसेल तर निळा. पॅराशूट तपासायला लॅबमधलं इंडिकेटर!

आता आपल्याकडे या. नायलॉन म्हणजे पॉलिअमाइड. आम्लाने त्याची साखळी तुटते. पॉलिस्टर आम्लाला बरंच दाद देत नाही, पण कडक अल्कलीपुढे म्हणजे कॉस्टिकपुढे तेही हरतं. आणि आपण राहतो कुठे? एका बाजूला आम्लाचे ड्रम, दुसऱ्या बाजूला कॉस्टिकच्या गोणी. अशा ठिकाणी बेल्ट खिळ्याला टांगलेला असतो, वर्षानुवर्षं, वर पत्र्याच्या फटीतून ऊन. ऊनही नायलॉन खातं, हे विसरू नका.

एका कंपनीतली गोष्ट सांगतो, नाव घेत नाही. शटडाऊन चालू होतं. टाकीच्या माथ्यावर काम, उंची साधारण नऊ मीटर. ठेकेदाराकडून आलेला विक्रमगडकडचा एक पोरगा, विशीतला, बेल्ट चढवून तयार. परमिट माझ्यासमोर. मी सवयीने त्याच्या खांद्याचा पट्टा हातात घेतला आणि उलट्या यू सारखा वाकवला. वाकवला की वरचे धागे ताणतात, आणि तुटलेले असतील तर केसासारखे उभे राहतात. इथे धागे उभे राहिलेच, वर बोटांना भुकटी लागली. पट्टा कडक, वाळलेल्या बोंबलासारखा. लेबल शोधलं तर अक्षर एक वाचता येईना.

स्टोअरमधून रजिस्टर मागवलं. दर महिन्याला बरोबरची खूण. सगळ्या खुणा एकाच पेनाच्या, एकाच बसणीतल्या. आणि त्याच रजिस्टरात अशाही एका बेल्टपुढे खुणा होत्या जो आधीच भंगारात गेला होता! भंगारातला बेल्ट दर महिन्याला पास होत होता.

मी परमिट दिलं नाही. इथवर ऐकायला बरं वाटतं. पण त्या पोराने मला काय म्हटलं ते ऐका. म्हणाला, "दादा, माझी अर्धी हजेरी गेली. बेल्ट वाईट होता तर मी काय करू?" खरंच होतं ते. बेल्ट त्याने आणला नव्हता, निवडला नव्हता. नवीन बेल्ट यायला दुपारचे दोन वाजले आणि ठेकेदाराने हजेरी अर्धीच लावली. मी भांडलो, पण त्या दिवशी ती पूर्ण झाली नाही. म्हणजे तपासणीचे पैसे कुणी दिले? ज्याचा जीव वाचवायचा होता त्यानेच. हे असंच चालू राहिलं तर पुढच्या वेळी तो पोरगा खराब पट्टा दाखवेल का मला? लपवेल. मी त्याच्या जागी असतो तर मीही लपवला असता.

स्कायडायव्हिंगची मंडळी आपल्यापेक्षा हुशार आहेत असं मला वाटत नाही. फरक त्या कार्डाचा आहे. तिथे "तपासलं" ही नुसती खूण नसते, एका माणसाची सही आणि तारीख असते, आणि पॅराशूट उघडलं नाही तर लोक त्या सहीपर्यंत जातात. आपल्याकडे रजिस्टर असतं, सही कुणाचीच नसते.

आता एक वेगळी गोष्ट, कारण मुलींच्या दोन-तीन व्हॉइस नोटमध्ये शीतल महाजन यांचं नाव होतं. पुण्याच्या शीतलताईंनी २००४ साली उत्तर ध्रुवावर उडी मारली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २०१८ साली थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून उडी मारली. सगळ्यांनी साडीचं कौतुक केलं. मी मात्र माझ्या धंद्याच्या नजरेने बघितलं. सहावारी असती तर मांड्यांचे पट्टे बसवणंच अवघड. नऊवारीला कासोटा असतो, पाय मोकळे, पट्टे जागच्या जागी घट्ट. आपल्या कोळणी कासोटा घालून मासळीच्या पाट्या उचलतात, उगाच नाही. राहिला पदर. सैल कापड हँडलवर आलं तर ऐनवेळी हात हँडलऐवजी कापडावर पडतो, म्हणून ते घट्ट बांधूनच जावं लागतं. हाच नियम आपल्या ओढणीला, मफलरला आणि गळ्यात लोंबणाऱ्या आयकार्डालाही लागू.

आणि तुमच्यापैकी जे सुट्टीत मनाली, कुल्लू नाहीतर कामशेतला पॅराग्लायडिंगला जाता त्यांच्यासाठी. डिसेंबर २०२२ मध्ये सातारा जिल्ह्यातला एक तरुण पर्यटक कुल्लूत टँडम उड्डाणात हवेतच हार्नेसमधून निसटून खाली पडला आणि गेला. पायलट वाचला. म्हणून पैसे दिले, फोटो काढला, चला, असं करू नका. दोन्ही मांड्यांचे पट्टे आणि छातीचा पट्टा, तिन्ही बकल्स पायलटसमोर स्वतः ओढून बघा. राखीव पॅराशूट कुठे आहे आणि शेवटचं कधी उघडून घडी घातलं, हे विचारा. पायलट चिडला तर दुसरा पायलट बघा. ओरडणारा पायलट मला आवडत नाही, पण प्रश्नावर हसणारा त्याहून आवडत नाही.

एमआयडीसीतल्या पोरांनो, तुमच्यासाठी दोन आकडे. धक्का शोषणारी दोन मीटरची दोरी असेल, तर हुक अडकवलेल्या जागेपासून खाली साधारण सव्वासहा मीटर मोकळी जागा लागते. दोन मीटर दोरी, पावणेदोन मीटर ती फाटत लांबते, दीड मीटर तुमचं अंग, आणि मीटरभर हातचा. चार-पाच मीटरच्या पत्र्यावर पायाशी हुक लावून काम करत असाल तर बेल्ट अडवायच्या आधी फरशी अडवेल. हुक डोक्याच्या वर लावा, किंवा आखूड दोरी मागा. दुसरं, बेल्टला लटकलेला माणूस वाचला असं समजून चहाला जाऊ नका. मांड्यांचे पट्टे रक्त अडवतात, काही मिनिटांत माणूस बेशुद्ध होऊ शकतो. त्याला खाली कसं आणायचं हे वर चढायच्या आधी ठरलेलं पाहिजे. शिडी कुठे, माणसं कोण.

आणि एकदा कुणाला झेललेला बेल्ट परत वापरायचा नाही, कितीही नवा दिसला तरी. भंगारात नुसता टाकू नका, तो फिरून स्टोअरला येतो. मी कात्री घेऊन खांद्याचे दोन्ही पट्टे कापतो, मगच टाकतो. आमचा स्टोअरवाला त्यावरून मला शिव्या घालतो.

आता तुमचं काम. उद्या ड्यूटीवर गेलात की स्वतःच्या बेल्टच्या लेबलचा फोटो काढा. बनवल्याचं साल वाचता येतंय का ते बघा आणि मला पाठवा. कंपनीचं नाव नको, फक्त लेबल. पुढच्या भागात ते फोटो घेऊन बसू. आणि मास्कच्या कार्ट्रिजबद्दल ज्यांनी विचारलंय, त्यांचंही तेव्हाच. चला, भेटू.