डोळ्यांनी बोललास की तोंडानं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज सकाळी नऊ वाजता व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तुकडा वाजला आणि एक गंमत झाली. चहाचे कप हातात घेऊन गप्पा मारणारे आपण सगळे, साठी ओलांडलेले, एकदम मैदानाकडे वळलो. कुणी सांगितलं नव्हतं, तरी ओळी लागल्या. पुढे कोण उभं राहणार यावरून दोघांत वादही झाला. त्यानंतर दहाच मिनिटांनी या सभागृहात मोबाइल बंद करा म्हणून सूत्रसंचालकांना तीन वेळा विनवावं लागलं.

संयोजकांनी मला 'शिस्त आणि स्वयंशिस्त' हा विषय दिला आहे. घंटा वाजेपर्यंत आपण सगळे शिस्तीचे असतो. घंटा थांबल्यावर काय करतो, तेवढ्यापुरतंच मी बोलणार आहे.

दौंडच्या माणसाला शिस्त नवी नाही. इथे राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत, पाच आणि सात नंबरचे. त्यांची कवायत बघत आपण मोठे झालो. १८७८ साली मनमाडचा मार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन झालं. तेव्हापासून या गावाचं घड्याळ गाड्यांवर चालतं. मी मात्र मूळचा भीमेच्या पलीकडचा, शिरूर तालुक्यातला. गावात सातवीपर्यंतच शाळा होती, म्हणून आठवीला मामाकडे दौंडला आलो.

मामा रेल्वेत कीमन होते. कीमनचं काम आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. खांद्यावर हातोडा आणि पाना, सोबत लाल-हिरवी झेंडी, आणि रोज पाच-सहा किलोमीटर रूळ पायी तपासायचा. सैल झालेली चावी दिसली की ठोकायची. एका किलोमीटरमध्ये हजारांहून अधिक स्लीपर, म्हणजे चाव्या किती असतील ते बघा. सुट्टीत मी कधी कधी त्यांच्याबरोबर जायचो. एकदा उन्हाने कंटाळून विचारलं, "मामा, एखादी चावी सोडली तर कुणाला कळणार आहे?"

मामा चालता चालता म्हणाले, "कळंल की. पहिल्यांदा मला कळंल."

तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नाही.

आपण १९७७ साली दहावी झालो. त्याआधीची दोन वर्षं आणीबाणीची होती. स्टेशनवर 'अनुशासन पर्व' अशी पोस्टर्स लागली होती. शब्द विनोबांचे, पोस्टर सरकारचं. गाड्या वेळेवर धावू लागल्या म्हणून मोठी माणसं खूश असायची. विनोबांनी पुढे यातला फरक सांगितला, की राज्यकर्त्यांचं ते शासन आणि आचार्यांचं ते अनुशासन. हे मी फार नंतर वाचलं. शाळेत असताना मला एवढंच कळलं होतं, की भीती असली की सगळं वेळेवर होतं.

पुढे मी रेल्वेत असिस्टंट ड्रायव्हर झालो. इंजिनमध्ये एक नियम असतो. समोर सिग्नल दिसला की असिस्टंटने तो मोठ्याने पुकारायचा आणि ड्रायव्हरनेही पुकारायचा. दोघांनी पाहिलं याची ती खात्री. रात्री दोन वाजता, चारी बाजूंना अंधार, ऐकायला तिसरं कुणी नाही, तरी पुकारायचं. सुरुवातीला मी अगदी मन लावून पुकारायचो. चार वर्षांनी ते जिभेला बसलं.

१९८६ च्या पावसाळ्यातली गोष्ट. मालगाडी होती आणि ओळखीचा मार्ग. मी डबा बांधत होतो. पुढच्या स्टेशनचा सिग्नल आला आणि मी सवयीने ओरडलो, "ग्रीन!" त्या स्टेशनला आम्हाला कायम हिरवाच मिळायचा. ड्रायव्हरसाहेब काही बोलले नाहीत, त्यांनी ब्रेक लावायला सुरुवात केली. मी मान वर केली तेव्हा पिवळा सिग्नल मागे जात होता. त्याच्या पुढचा सिग्नल लाल होता. आम्ही त्याच्या अलीकडे नीट थांबलो. लाल का होता ते थोड्या वेळाने दिसलं. स्टेशनात एक पॅसेंजर उभी होती.

ड्रायव्हरसाहेबांनी बाटलीतलं पाणी प्यायलं आणि मला एवढंच विचारलं, "डोळ्यांनी बोललास की तोंडानं?"

मित्रांनो, मला शाळेत भरपूर छड्या बसल्या आहेत. त्यातली एकही आज दुखत नाही. हा प्रश्न अजून दुखतो. कारण नियम मी मोडला नव्हता. पुकारायचं होतं, मी पुकारलं होतं. बाहेरून पाहणाऱ्याला माझ्यात काहीच खोट दिसली नसती. त्या रात्री रनिंग रूममध्ये झोप लागली नाही आणि मामांचं वाक्य आठवलं. पहिल्यांदा मला कळंल. मामांना प्रत्येक चावी कळत होती. मला माझाच आवाज कळला नव्हता.

पुढच्या काळात इंजिनमध्ये एक यंत्र आलं. ड्रायव्हरने सुमारे मिनिटभर काहीच हालचाल केली नाही तर दिवा लागतो, मग भोंगा वाजतो, तरीही बटण दाबलं नाही तर आपोआप ब्रेक लागतो. चांगलं यंत्र आहे. आता तर सिग्नल ओलांडण्याआधीच गाडी थांबवणारी 'कवच' यंत्रणा येते आहे, तीही हवीच. पण अर्धवट झोपेत बटण दाबणारा हातही मी पाहिला आहे. आपला एक शिरूरचा मित्र रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत होता. तो सांगायचा, प्रेस मशिनला दोन बटणं असतात. दोन्ही हात गुंतावेत आणि बोटं वाचावीत म्हणून. आणि काही कामगार लवकर उरकावं म्हणून एक बटण पट्टीने चिकटवून टाकतात. बोटं स्वतःची, तरीही!

आता एक गोष्ट सांगतो, ती सांगायला जड जाते. इंजिनमध्ये शिकलेलं मी घरी आणलं नाही. घरी मी कडक होतो. जेवण, अभ्यास, झोप, सगळं टाइमटेबलप्रमाणे. मुलाचा पाढा चुकला की हात उठायचा. लोक म्हणायचे, काय वळण लावलंय पोराला! तो शिकायला बाहेर गेला आणि पहिल्याच वर्षी दोन विषयांत नापास झाला. सकाळी उठवायला कुणी नव्हतं, म्हणून उठतच नव्हता. मी रागावून विचारलं, तर शांतपणे म्हणाला, "बाबा, तुम्ही ड्युटीवर गेलात की घर मोकळा श्वास घ्यायचं." माझ्या घरातही गाड्या वेळेवर धावत होत्या. मी स्टेशनात असेपर्यंतच.

आज तो स्वतःच्या हिमतीने उभा आहे. ते श्रेय मी घेत नाही.

म्हणून एका गोष्टीवर मी आज तुमच्याशी जरा वेगळं बोलणार आहे. सकाळपासून चार जणांनी भाषणात सांगितलं, की छडी होती म्हणून आपण घडलो. टाळ्याही पडल्या. माझ्या बाकावर एक मुलगा बसायचा. भीमेच्या पुलावरून सायकलने यायचा. धार काढून, दूध घालून निघायचा, त्यामुळे उशीर व्हायचा. उशिराबद्दल त्याला रोज मार बसायचा. नववीच्या दिवाळीनंतर तो आलाच नाही. आजच्या मेळाव्याच्या यादीत त्याचं नाव नाही. छडीने जे घडले ते इथे बसले आहेत, म्हणून हिशेब एकतर्फी होतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारायला बंदी केली. त्यामुळे मुलं बिघडली असं म्हणण्याआधी त्या रिकाम्या जागेकडे एकदा बघावं, एवढीच विनंती.

आणि याच शाळेत दुसरं उदाहरणही होतं. आपले गणिताचे सर फळ्यावर उदाहरण सोडवताना चुकले की थांबायचे, आणि वर्गाला म्हणायचे, "माझं चुकलं, मागून तपासू या." आम्ही कुणी ती चूक पकडलेली नसायची. सरांनी शिस्तीवर कधी व्याख्यान दिलं नाही. माझ्या मते शिस्तीचा तासच तो होता.

निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. पहाटे फिरायला जातो, फाटकाजवळ सिग्नल दिसतो. आजूबाजूला कुणी नसलं तर अजूनही पुकारतो. बायको हसते. पण आधी नीट बघतो, मगच पुकारतो.

नातू सध्या पाढे शिकतो आहे. चुकला की मी त्याला म्हणतो, मागून तपासू या.

आपण मला शांतपणे ऐकून घेतलंत, एकही मोबाइल वाजला नाही, याबद्दल आभार मानतो आणि थांबतो.