कोरा पास आणि मागचे दार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



संगणकावर चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात हजारो ‘वस्तू’ वावरत असतात. बँकेच्या प्रोग्रॅममध्ये खाते ही एक वस्तू, ग्रंथालयाच्या प्रोग्रॅममध्ये सभासद ही एक वस्तू. प्रोग्रॅमर त्यांना ऑब्जेक्ट म्हणतात. या वस्तूंचे आयुष्य प्रोग्रॅम चालू असेपर्यंतच. तो बंद पडला की त्या गेल्या. म्हणून त्या टिकवायच्या असतील किंवा दुसऱ्या संगणकाकडे धाडायच्या असतील, तर त्यांचे सुटे भाग करून ते ओळीने लिहून काढावे लागतात. घर बदलताना सुतार कपाट सोडवतो आणि फळ्यांवर खडूने आकडे टाकतो ना, तसेच. याला सीरिअलायझेशन म्हणतात आणि त्या फळ्यांतून पुन्हा कपाट उभे करण्याला डीसीरिअलायझेशन. आज बोलायचे आहे ते या दुसऱ्या कामातल्या एका अडचणीविषयी. शब्द अवघड आहेत. अडचण मात्र कोणत्याही कचेरीतल्या कारकुनाला समजेल अशी आहे.

लोकलचा मासिक पास घ्या. खिडकीवरचा माणूस कुठून कुठे जायचे ते विचारतो, तारीख घालतो आणि मगच पास बाहेर येतो. प्रोग्रॅममध्ये या खिडकीला कन्स्ट्रक्टर म्हणतात. पास संपण्याची तारीख सुरू होण्याच्या तारखेआधीची असेल, तर खिडकीवरच नकार मिळतो. त्यामुळे एकदा पास हाती आला की बाकीच्यांनी तो पुन्हा तपासायचे कारण उरत नाही. या सगळ्या पद्धतीचा जीव त्या खिडकीत आहे.

आता हा पास फाइलमधून परत उभा करायचा आहे. ते काम करणारे साधन आपल्या पासासाठी लिहिलेले नसते, जगातल्या कुठल्याही वस्तूसाठी लिहिलेले असते. खिडकीवर कोणते प्रश्न आणि कोणत्या क्रमाने विचारतात, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून ते सोपी वाट धरते. आधी मला कोरी वस्तू द्या, मग मी एकेक रकाना भरतो, असे त्याचे म्हणणे. काहीही न विचारता कोरी वस्तू देणारी खिडकी म्हणजे डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर. जावा आणि सी शार्प या भाषांत आपण क्लासला एकही कन्स्ट्रक्टर लिहिला नाही, तर भाषा स्वतः असा एक पुरवते. पण तारखा मागणारा एक जरी आपण लिहिला, की ती आपला काढून घेते. म्हणजे कालपर्यंत सुरळीत चाललेले वाचन आज बंद पडते, आणि कारण काय, तर आपण एक चांगला नियम घातला!

मग बहुतेक जण कोरा कन्स्ट्रक्टर परत घालून मोकळे होतात. मला ते आवडत नाही. सही-शिक्का मारलेले कोरे पास टेबलाच्या खणात ठेवण्यासारखे आहे ते. कोणी तरी एक उचलतो, अर्धाच भरतो, आणि चूक कळते ती चार टेबले पुढे गेल्यावर. कन्स्ट्रक्टर खासगी ठेवला तर धोका कमी होतो, आणि जॅक्सनसारखी साधने खासगी चालवूनही घेतात. पण एकदा भरलेला रकाना बदलू नये म्हणून जावात ‘फायनल’ नावाचे कुलूप लावतात, ते त्यापायी बहुधा काढावे लागते.

डॉटनेटमधला एक्सएमएल सीरिअलायझर कोरा कन्स्ट्रक्टर नसेल तर सरळ नकार देतो, तोही काही लिहिण्याआधीच. मला हा खडूसपणा परवडतो. गूगलचे जीसॉन उलट्या स्वभावाचे आहे. कोरी खिडकी नसेल तर ते एरवी बंद असणाऱ्या एका आतल्या दाराने, कन्स्ट्रक्टर न चालवताच वस्तू उभी करते. क्लासमध्ये तुम्ही ‘सुरुवातीला रिकामी यादी ठेव’ असे लिहिले असेल, तर ती ओळ चालतच नाही. फाइलमध्ये यादी नसेल तर तिच्या जागी रिकामी यादीही नसते, नुसती पोकळी असते.

सगळ्यांत घातक मला वाटते ती जावाची स्वतःची जुनी पद्धत. 1997 मध्ये जावाच्या 1.1 या आवृत्तीबरोबर ती आली. क्लासवर ‘सीरिअलायझेबल’ अशी खूण केली की झाले. वाचताना त्या क्लासचा कन्स्ट्रक्टर चालतच नाही. वारशाच्या साखळीत वर चढत जायचे, ज्याच्यावर ही खूण नाही असा पहिला पूर्वज गाठायचा आणि त्याचा कोरा कन्स्ट्रक्टर चालवायचा, असा नियम. तिथे तो नसला तर वाचन थांबते. पण लिहिताना मात्र याबद्दल अवाक्षर निघत नाही.

एका कार्यालयातून मला यासाठीच बोलावणे आले होते. दर महिन्याच्या पावत्या ते अशा फाइलींत बांधून ठेवत. आठ महिने लिखाण बिनबोभाट चालले होते. लेखापरीक्षकांनी जुन्या पावत्या मागितल्या तेव्हा फाइली पहिल्यांदा उघडल्या, आणि ‘नो व्हॅलिड कन्स्ट्रक्टर’ एवढेच उत्तर आले. पावतीचा क्लास ‘दस्तऐवज’ नावाच्या क्लासचा वारस होता, आणि दस्तऐवजावर खूण नव्हती. तिथे कोरा कन्स्ट्रक्टर घातला. फाइली उघडल्या, सगळ्यांचे चेहरे उजळले. रकमा बरोबर, नावे बरोबर. पावती क्रमांक मात्र प्रत्येकीचा शून्य! क्रमांकाचा रकाना दस्तऐवजात होता, आणि खूण नसलेल्या पूर्वजाचे रकाने ही पद्धत लिहीतच नाही. ते क्रमांक फाइलीत कधी गेलेच नव्हते. पुढे दोन लिपिकांनी कागदी स्थळप्रतींवरून ते हाताने भरले.

मागच्या दाराने फक्त गोंधळ शिरतो असेही नाही. जोशुआ ब्लॉक यांनी 2001 च्या ‘इफेक्टिव्ह जावा’ या पुस्तकात दोन तारखांच्या जोडीचेच उदाहरण घेऊन दाखवले आहे, की फाइलीतले बाइट हाताने बदलून आरंभाआधीच संपणारा कालावधी उभा करता येतो. वाचनाच्या वेळीही कन्स्ट्रक्टरइतकीच कडक तपासणी करा, असा त्यांचा सल्ला. फार थोड्यांनी तो ऐकला. 2015 मध्ये ‘अपाचे कॉमन्स कलेक्शन्स’ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या संग्रहातले क्लास जोडून दाखवण्यात आले, की नुसता एक बनावट संदेश वाचायला लावून दुसऱ्याच्या सर्व्हरवर आपल्या आज्ञा चालवता येतात.

आता साधने सुधारली आहेत. फाइलीतली मूल्ये आधी गोळा करायची आणि ती घेऊन राजरोस पुढच्या खिडकीवर जायचे, ही नवी रीत. जॅक्सनमध्ये कोणता कन्स्ट्रक्टर वापरायचा आणि कोणता प्रश्न कोणत्या रकान्याचा, हे खुणेने सांगता येते. डॉटनेटच्या अंगच्या जेसॉन साधनाला ही सोय 2020 मध्ये, डॉटनेट 5 बरोबर मिळाली. 2024 च्या डॉटनेट 9 मधून तर तिथली बायनरी फॉरमॅटर ही जुनी, धोक्याची पद्धतच काढून टाकली. जावाची जुनी पद्धत अजून आहे. पण 2021 च्या जावा 16 मध्ये पक्के झालेले ‘रेकॉर्ड’ परत वाचताना त्यांचा मुख्य कन्स्ट्रक्टरच चालतो.

यात एक नवे काम अंगावर येते. जुन्या फाइलींत उलट्या तारखांचे पास असतात, पूर्वी ते खपून गेलेले. आता खिडकी त्यांना आत घेत नाही आणि वाचन मध्येच थांबते. लोक मग नियमच सैल करायला निघतात. मी सांगतो, नियम तसाच राहू द्या. नाकारलेल्या नोंदी जशाच्या तशा वेगळ्या फाइलीत काढा, बाकीच्या पुढे जाऊ द्या, आणि ती वेगळी फाइल कामाची माहिती असलेल्या माणसाच्या टेबलावर ठेवा. उलटी तारीख कोणत्या दिवशी आणि कशी पडली, ते त्यालाच सांगता येते.