आज्ञापालन आणि विवेक
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले एक निवृत्त शिक्षक. विद्वत्तेचा अधिकार आम्हांस नाही. परंतु मुलांना आज्ञा करण्यात आणि ती पाळली जाते की नाही हे पाहण्यात आमचा जन्म गेला. म्हणून माणूस घातक आज्ञाही का पाळतो, या प्रश्नाविषयी चार शब्द बोलण्याची परवानगी घेतो.

आज्ञापालन हा मुळात सद्गुणच होय. परिचारिका डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे औषध देते, पंगतीत वाढपी यजमानाचे ऐकतो, म्हणून व्यवहार सुरळीत चालतात. परंतु हाच सद्गुण विवेकाची साथ सोडतो तेव्हा काय होते?

१९६१ साली जेरुसलेम येथे आइखमन या नाझी अधिकाऱ्यावर खटला चालला. आपण केवळ वरिष्ठांचे हुकूम पाळले, असा त्याचा बचाव होता. त्याच वर्षी अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅन्ली मिल्ग्राम या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग आरंभिला. वर्तमानपत्रातील जाहिरात वाचून आलेल्या सामान्य माणसांना त्याने सांगितले की, शिक्षेमुळे पाठांतर सुधारते काय हे पाहावयाचे आहे. पलीकडच्या खोलीतील विद्यार्थी चुकला की कळ दाबून त्यास विजेचा धक्का द्यावयाचा, आणि दर चुकीस १५ व्होल्ट वाढवीत ४५० पर्यंत जावयाचे. वस्तुतः धक्का कोणासही बसत नव्हता. विद्यार्थी हा संशोधकाचाच माणूस होता. कळ दाबणाऱ्यास मात्र हे ठाऊक नव्हते. ३०० व्होल्टला पलीकडून भिंत बडविल्याचा आवाज येई आणि थोड्याच वेळात सारे शांत होई. तरीही ४० पैकी २६ जण अखेरच्या कळीपर्यंत गेले!

ही माणसे दुष्ट होती काय? मुळीच नाही. कित्येकांना घाम फुटला, हात कापू लागले. थांबावे असे काहींनी बोलूनही दाखविले. परंतु करड्या कोटातील तो गृहस्थ शांतपणे पुढे चालू ठेवण्यास सांगे आणि ते पुढची कळ दाबीत. माणसांना फसवून केलेल्या या प्रयोगावर पुढे टीका झाली व ती रास्तच होती. तथापि त्यातून मिळणारा बोध टाकून देता येत नाही.

आमच्या अल्पमतीप्रमाणे याची कारणे तीन. पहिले, आज्ञा देणाऱ्यावर जबाबदारी टाकली की मन हलके होते. हात आपला, पण पाप दुसऱ्याचे, असे वाटू लागते. दुसरे, अन्याय एकदम समोर येत नाही, पायरीपायरीने येतो. १५ व्होल्ट दिले तर ३० ला नाही कोणत्या तोंडाने म्हणावयाचे? तिसरे, चारचौघांत नकार देण्याचा संकोच. मारास न भिणारा मनुष्यही या संकोचास भितो.

ही गोष्ट परदेशची म्हणून निश्चिंत राहू नये. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी एका विधवेशी विवाह केला. तेव्हा त्यांच्या मुरूड गावच्या मंडळींनी सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला. आईने मुलास घरात ठेवले तर तिच्यावरही बहिष्कार, असे ठरले. तेथे करड्या कोटातील कोणी नव्हता. 'गाव' हाच अधिकारी होता. त्या सभेतील कित्येकांना कर्व्यांविषयी प्रेम असेल. पण गावाचा ठराव म्हटल्यावर आपण काय करणार? सर्वांनी ठरविले म्हणजे कोणा एकाने ठरविलेच नाही, आणि शासन मात्र एका म्हाताऱ्या आईला! त्याच कर्व्यांना १९५८ साली राष्ट्राने भारतरत्न दिले.

मग उपाय कोणता? तो याच प्रयोगमालेत सापडतो. एका प्रकारात कळ दाबणाऱ्याच्या शेजारी आणखी दोघे बसविले आणि ठरल्याप्रमाणे त्यांनी मध्येच नकार दिला. तेव्हा ४० पैकी अवघे ४ जण शेवटपर्यंत गेले. म्हणजे उरलेल्यांच्या ठायी विवेक होताच. त्याला सोबत हवी होती. एकाने 'नाही' म्हटले की दुसऱ्याची जीभ मोकळी होते.

बंधुभगिनींनो, आपली संस्था विद्यार्थ्यांना साहाय्य करते, वधूवर मेळावे भरविते. तिचा शब्द घरोघर मानला जातो. म्हणूनच तिने जपून वागले पाहिजे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केला. त्यात ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशा शिक्षेची तरतूद आहे. परंतु एखाद्या कुटुंबास मंगलकार्याचे निमंत्रण न देण्याची कुजबूज सुरू होते, तेथे पोलीस नसतात. तेथे आपणच असतो. मुलीने जातीबाहेर लग्न केले म्हणून एखाद्या घराशी बोलणे सोडावे, असे कोणी वडीलधारा सुचवील, तेव्हा त्या वडीलधाऱ्यास नमस्कार करून, नम्रपणे पण सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात, "हे आम्ही करणार नाही" असे म्हणणारा एक तरी निघावा.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक चांगली' असा शेरा असतो. मुलाने आज्ञा पाळल्या, एवढेच त्यावरून कळते; कोणती आज्ञा तो पाळणार नाही, हे कळत नाही. ते शिकविण्याचे काम घराचे आणि समाजाचे आहे. वडिलांचा मान राखावा, हे आपण मुलांना शिकवितोच. मान राखूनही नकार देता येतो, हेही आपल्या आचरणातून त्यांना दिसो, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.