झरा आपला, ठरावही आपलाच
(मोखाडा तालुक्यातल्या पाणी-सभेत केलेलं भाषण)



आपल्याकडं पाऊस कमी आहे का? चार महिने अंगावरचं इरलं उतरत नाही. तरी होळी झाली की बाया रात्री झऱ्यावर बसतात, वाटीनं हंडा भरतात. आपला डोंगर काळ्या पत्थराचा. पाणी मुरत नाही, वैतरणेत वाहून जातं. तिथं धरणात अडतं नि पाइपानं मुंबईला जातं. मुंबईच्या माणसाला तहान आहे, ती आम्ही जाणतो. पण आपल्या पाड्यावर टँकरची वाट का बघायची, एवढं विचारणारच.

मागच्या वर्षी आम्ही पोरांनी झऱ्याखाली कुंडी बांधायला घेतली. गार्ड आला. “जंगल सरकारचं आहे,” म्हणाला, नि पहार, घमेली घेऊन गेला. आम्ही गप घरी आलो. कारण हातात कागद नव्हता.

तो कागद कसा करायचा ते ऐका. 2006 च्या वनहक्क कायद्यात कलम 3(2) आहे. त्यात शाळा, दवाखाना, रस्ता अशी 13 कामं दिली आहेत. पिण्याच्या पाण्याची सोय, पाइपलाइन, तळं, पाणी अडवायचं काम, लहान कालवा हेही त्यात आहे. एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी, म्हणजे अडीच एकराच्या आतली वनजमीन मिळू शकते. हेक्टरी 75 च्या वर झाडं तोडता येत नाहीत. आणि ग्रामसभेची शिफारस लागतेच. म्हणजे पहिली सही आपली! ठरावात झऱ्याचं नाव, जागा, काम नीट लिहा. अर्ज दिला की पोच घ्या. पोच नाही तर अर्ज दिलाच नाही, असं समजा.

दिवाळीनंतर माणसं वीटभट्टीवर जातात. त्याच्या आधी ओहोळ वाहता असतानाच गोणीत माती भरून बंधारा घालू.

आता एक घरची गोष्ट. वरच्या अंगाला कोणी मोगऱ्याला इंजिन लावलं, तर खालच्या पाड्याचा हंडा रिकामा राहतो. मग आपण नि साहेब यात फरक काय? म्हणून ठरावात हेही लिहा: पहिलं पाणी पिण्याला, मग ढोरांना, उरलं तर वाडीला. आणि हे बायांनी ठरवायचं. हंडा त्यांच्या डोक्यावर आहे.

पुढच्या सभेला प्रत्येक पाड्यानं आपल्या झऱ्यांची यादी आणावी.

जोहार! जिंदाबाद!