टक्क्यावर घेतलेला वकील
(उरण येथे तरुणांसमोर केलेलं भाषण)



उरणमध्ये जमिनीचा मोबदला हा घरोघरीचा विषय. सिडकोसाठी जमिनी गेल्या, १९८४च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात पाच जण हुतात्मे झाले, आणि वाढीव मोबदल्याचे दावे आजही आपल्या बोलण्यात असतात. समजा, अशा दाव्यात एखादा वकील म्हणाला, "चाचा, आत्ता फी नको. रक्कम सुटली की वीस टक्के माझे." घरात पैसा नसतो, चाचांना तो देवमाणूस वाटतो. सही होते.

हे वकिलाला चालत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार फी निकालावर ठरवता येत नाही आणि मिळणाऱ्या रकमेत हिस्साही घेता येत नाही.

मुंबईतच घडलेलं प्रकरण आहे. १९५२मध्ये एका वकिलाने पक्षकाराकडून वसुलीतला निम्मा हिस्सा लिहून घेतला. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची वकिली सहा महिने बंद केली, आणि १९५४मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते गैरवर्तनच ठरवलं. निकालात त्याचं नाव नाही, फक्त 'जी' हे अक्षर आहे. असा करार दोन सामान्य माणसांत झाला असता तर तो कायद्याने चालला असता, हेही कोर्टाने मान्य केलं. वकिलाला मात्र नाही. दाव्यात त्याचाच पैसा अडकला की तडजोड तुमच्या फायद्याची आहे की त्याच्या, हे तो कसा सांगणार?

निकाहात मुलीचा वकील असतो ना? तिच्या वतीने बोलतो, मेहरमध्ये वाटा मागत नाही. शब्द तोच आहे.

तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे, वकील अधिनियम १९६१च्या कलम ३५खाली, लेखी करायची. ती तीन जणांच्या शिस्तपालन समितीपुढे जाते. तिघेही वकीलच, ही गोष्ट मला खटकते; पण त्यांच्या निर्णयावर बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात ६० दिवसांत अपील आहे. समिती ताकीद देऊ शकते, ठरावीक काळ सनद निलंबित करू शकते किंवा यादीतून नावच काढू शकते.

दोन गोष्टी ऐकून ठेवा. दावा हरलो म्हणून तक्रार टिकत नाही, आणि नुसत्या संशयावर कुणाची सनद जात नाही. करारनाम्याची प्रत, मोबाइलवरचे मेसेज, बँकेतल्या नोंदी जपून ठेवा. दुसरं, समिती तुमचे पैसे वसूल करून देणारं कोर्ट नाही. त्यासाठी वेगळा दावा लागतो.

"फी द्या, तरच फाइल मिळेल," असं म्हणाला तर? २०००मध्ये आर. डी. सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय: फीसाठी पक्षकाराची कागदपत्रं अडवणं हेही गैरवर्तन आहे. चाचांची फाइल चाचांचीच.

आता प्रश्न घेऊ. मागे बसलेल्या बहिणींपासून सुरुवात करूया.