ज्याचा ताल, त्याला ताट

(मलकापूर येथें शेतकरी व कारागीर बांधवांच्या बैठकींत एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



आज आम्हांस शिक्षणावर चार शब्द बोलावयास सांगितलें आहे. शिक्षणावरच बोलणार आहों. पण आरंभ शाळेपासून न करतां एका गाण्याच्या रात्रीपासून करतों. गेल्या फेब्रुवारींत, शिवजयंतीच्या सुमारास, आपल्या या मलकापुरांत उघड्या मैदानावर शाहिरीचा कार्यक्रम झाला. आपणांपैकीं पुष्कळजण तेथें होते. आम्हीहि होतों. त्या रात्रीं आनंद पोटभर मिळाला, आणि शेवटीं आम्ही एक चूक केली. ती चूक चारचौघांत सांगून टाकावी, म्हणून आज उभे राहिलों आहों.

आमचे एक बालमित्र आहेत, धंद्यानें कुंभार. त्या दिवशीं आम्ही वह्या तपाशीत बसलों असतां ते दारांत येऊन म्हणाले, "मास्तर, वह्या काय पळून जात्यात व्हय? चला, आज हलगी ऐकायची." त्यांच्या मोटारसायकलीवर मागें बसून निघालों. वाटेंत उसानें भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग आणि अंबा घाटाकडून येणारें बोचरें वारें. मलकापुरांत पोहोंचेपर्यंत कान बधिर झाले होते.

मैदानांत पाऊल ठेवावयास जागा नव्हती. पुढें सतरंज्यांवर बायामाणसें व पोरें, त्यांच्या मागें मुंडासेंवाले, आणि अगदीं कडेला ट्रॉल्यांवर चढलेले तरुण. भज्यांच्या कढईचा वास सगळीकडे पसरला होता. मित्रांनीं एका म्हातारबाबांना जरा सरकावयास सांगितलें. बाबा म्हणाले, "सरकतो, पर त्ये भडंग हिकडं सरकवा." भडंगाची पुडी देऊन आम्हीं दोघांनीं जागा मिळविली.

शाहिरांनीं डफावर थाप मारली, झीलकऱ्यांनीं "जी जी"चा सूर धरला, ढोलकी आली, तुणतुणें आलें, आणि शेवटीं हलगी आली. हलगी आली म्हणजे मग विचारूं नका! म्हातारबाबांचा गुडघा आपोआप हालूं लागला. ट्रॉलीवरचीं पोरें शिट्या वाजवूं लागलीं. आमच्या शेजारीं बसलेली एक आजी पदरानें डोळे पुशीत होती, आणि दुसऱ्या हातानें मांडीवरच्या नातवाला ठेका धरून थोपटीत होती.

नऊ वाजून गेले तसें दंव पडूं लागलें, आणि हलगीचा आवाज बसला. मित्र लगेच म्हणाले, "कातडं ओलावलं. आता शेकाय नेतील, बगा." हलगीला शेळीचें कातडें ताणून बसविलेलें असतें. हवेंतला ओलावा पिऊन तें सैल पडतें व बद्द बोलूं लागतें. जाळावर धरलें कीं पाणी उडतें, कातडें आवळतें आणि आवाज खणखणीत होतो. कुंभाराला जाळ दिसला कीं त्याचे पाय तिकडे वळतातच. ते आम्हांस ओढीतच रंगमंचाच्या मागें घेऊन गेले.

तेथें उसाचा पाला पेटविलेला होता, आणि त्या जाळावर हलगी फिरवून फिरवून शेकीत आमच्याच पांचवीच्या वर्गांतला एक विद्यार्थी उकिडवा बसला होता. आम्हांला पाहतांच त्यानें हलगी पाठीमागें लपविली. म्हणाला, "गुरुजी, उद्या साळंत येतो." त्याचे वडील हात जोडून पुढें झाले. "वाजवणारा गडी ऐन टायमाला आला न्हाई, गुरुजी. सुपारी मोडली तर पुढच्या बारीला कोण बोलवंल? आमचं काय, पैसं उधार आणि शिव्या रोख." आमच्या मित्रांनीं मुलाच्या हातांतून हलगी घेतली, बोटानें टिचकी मारून पाहिली आणि परत दिली. "मडकं काय आणि हलगी काय," ते म्हणाले, "भाजल्याबिगर बोलत न्हाई. वाजव, पोरा."

पोरानें वाजविली. आम्ही बाजूला उभे राहून मोजूं लागलों. आठ मात्रांचा ठेका, त्याची दुप्पट, मग चौपट, मध्येंच अर्धी मात्रा सोडून पुन्हां नेमका समेवर. बंधूंनो, याच मुलाच्या प्रगतिपुस्तकांत आम्हीं आमच्या हातानें लिहिलें होतें: "अपूर्णांक येत नाहीं. गैरहजर राहतो. आळशी आहे." ज्याला अर्धा आणि पाव कळत नाहीं असें आम्ही म्हणत होतों, तो भर थंडींत हजारों लोकांपुढें काळाचे अर्धे आणि पाव वांटे पाडीत होता, आणि एकहि वांटा कमीजास्त पडत नव्हता!

दहा वाजले. उघड्या जागीं रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत कर्णा आणि वाद्यें बंद ठेवावयाचीं, असा आवाजाविषयींचा सन २००० चा नियम आहे. हवालदारांनीं हात दाखविला, कर्णा बंद झाला, हलगी खालीं ठेवली गेली. पण पवाड्याचें शेवटचें कडवें राहिलें होतें. शाहीर रंगमंचावरून उतरून लोकांत आले आणि तें नुसत्या गळ्यानें म्हणूं लागले. लोकांनीं हळूहळू टाळ्यांचा ठेका धरला. आमचे कुंभारदादा तर असे रंगले कीं परत येतांना मोटारसायकलीवरहि त्यांचें "जी जी" चालूंच होतें.

पण निघण्यापूर्वीं एक गोष्ट झाली, ती आतां सांगतों. कार्यक्रमानंतर पाहुण्यांसाठीं मांडवांत पंगत बसली होती. कोणीतरी आम्हांस ओळखलें व "गुरुजी, या, बसा" म्हणून नेलें. ताट मांडलेलें होतें. तेवढ्यांत लक्ष गेलें तों हलगीवाले, तो मुलगा व त्याचे वडील, मागें त्या विझत आलेल्या जाळापाशींच बसून कागदाच्या पुडक्यांतलें जेवीत होते. त्यांना कोणी हांकलून दिलें नव्हतें. त्यांना कोणी बोलाविलेंहि नव्हतें. आमचे मित्र म्हणाले, "मास्तर, तुमी बसा. मी हितं जाळापाशीच खातो," आणि ते त्यांच्यांत जाऊन बसले. आणि आम्ही? आम्ही पंगतींत बसलों. जेवलों. वाढणाऱ्यानें आग्रह केला तेव्हां आणखी एक पोळीहि घेतली.

हीच ती चूक. शाळेंत समतेचा धडा शिकविणाऱ्या मास्तराच्या पायांना वीस पावलें चालवलीं नाहींत.

बंधूंनो, ही हलगी आपली कोण लागते? जोतीराव फुले यांनीं सन १८६९ मध्यें शिवछत्रपतींचा पवाडा लिहिला, आणि २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यास सत्यशोधक समाज काढला. तो समाज खेड्यांत पोहोंचविला कोणी? पुस्तकांनीं पोहोंचविला म्हणावें, तर वाचणारे होते किती? ओतूरचे भीमराव महामुनी यांच्यासारख्या मंडळींनीं तमाशाचाच सांचा घेतला, त्यांत जुन्या शृंगाराच्या जागीं सावकाराचा व्याजाचा हिशेब, भटभिक्षुकांची लूट आणि मुलांच्या शाळेची गोष्ट भरली, आणि जलसे उभे केले. पुढें नाशिककडे भीमराव कर्डक यांनीं आंबेडकरी जलसा गांवोगांव नेला. आपल्या या करवीर राज्यांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. शाळेंत मुलें घाला, हें आपल्या आज्या-पणज्यांच्या कानांत घातलें तें ढोलकीनें, हलगीनें आणि तुणतुण्यानें.

म्हणजे ज्या वाद्यानें आपल्याला शाळेची वाट दाखविली, तें वाजविणाऱ्या मातंग बांधवाचें पोर आज शाळेंत झोंपतें, आणि आम्ही त्याच्या नांवापुढें आळशी म्हणून लिहितों. ताल आपण घेतला, माणूस जाळापाशींच ठेवला. हा दोष दुसऱ्या कोणाच्या माथीं मारतां येणार नाहीं. त्या पंगतींत भट नव्हता, सावकार नव्हता, आपणच होतों.

म्हणून हात जोडून तीन मागण्या करतों.

पहिली पैशाची. वरातीला डॉल्बी आणतां, तेव्हां डॉल्बीवाला अगाऊ रक्कम घेतल्याशिवाय तार जोडीत नाहीं, आणि तुम्ही ती मुकाट्यानें देतां. मग हलगीवाल्याची बिदागी सुगी होईपर्यंत कां लांबते? लग्न असो, जत्रा असो, ज्या रात्रीं वाजविलें त्याच रात्रीं हातावर पैसे ठेवा. ते वेळेवर मिळाले तर बाप मोठा गडी लावील, पोराला ओढणार नाहीं.

दुसरी पोरांची. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेचा हक्क देणारा कायदा २००९ सालीं झाला. मुलांच्या मजुरीच्या कायद्याची २०१६ सालची दुरुस्ती असें सांगते कीं, घरच्या धंद्यांत मुलानें हातभार लावावयाचा तो शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटींतच. कला शिकूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. ती त्याची दौलत आहे. पण शाळेच्या आदल्या रात्रीं त्याला दंवांत बसवूं नका. सुपारी देतांनाच सांगा कीं वाजविणारे जाणते गडी पाहिजेत.

तिसरी ताटाची. ज्याचा ताल, त्याला ताट, आणि तें आपल्याच पंगतींत. "त्यांनाच संकोच वाटतो" असें म्हणून सुटूं नका. बोलावणें ज्याच्या हातीं, त्यानें उठून हाताला धरून आणावें.

आणि मास्तरांनीं काय करावें? तो मुलगा दुसऱ्या दिवशीं आला नाहीं. तिसऱ्या दिवशीं आला. आम्हीं त्याला बांक वाजवावयास सांगितला. एक ठेका, त्याचा अर्धा, अर्ध्याचा अर्धा. आणि प्रत्येक थापेबरोबर फळ्यावर आंकडा लिहीत गेलों. सगळा वर्ग वाजवूं लागला. शेजारच्या वर्गाच्या बाई भांडावयास आल्या! अपूर्णांक सगळे आले असें नाहीं. अंश खालीं आणि छेद वर, ही त्याची खोड अजून आहे. पण अर्ध्याचा अर्धा पाव, हें आतां तोच इतरांना समजावून सांगतो. प्रगतिपुस्तकांतला तो "आळशी" शब्द आम्हीं खोडला, आणि त्याच्याजवळ आमची सही केली.

पुढच्या महिन्यांत आमच्या गांवची जत्रा आहे. हलगीवाले येतील, पंगत बसेल. आमचें ताट कोठें मांडलें आहे, तें त्या दिवशीं आपण सर्वांनीं येऊन पाहावें, इतकें बोलून आम्ही खालीं बसतों.